जुनी अ‍ॅडव्हेंचर हातातल्या यंत्रावर : कर्सर गेला की नेमकं काय जातं?

दिठी (धागाकर्ती)

जुन्या पॉइंट-अँड-क्लिक (माउसने दाखवून क्लिक करायच्या) खेळांच्या हॅन्डहेल्ड आवृत्त्यांचा विषय निघाला की चर्चा चित्रांपाशी अडकते. रंग फिके, पडदा चिमुकला, व्हिडिओ गाळलेले. तक्रारी खोट्या नाहीत. पण माझ्या मते खरा फरक चित्रात पडत नाही, कर्सरमध्ये पडतो. त्यासाठी एकच खेळ धरून बोलते, 'ब्रोकन सोर्ड'चा पहिला भाग. तो मी मूळ संगणकावर, मग गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आणि पुढे निन्टेन्डो डीएसवरही खेळले आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार्ल्स सेसिल यांच्या रेव्होल्यूशन सॉफ्टवेअर या ब्रिटिश कंपनीचा हा १९९६ चा खेळ. दोन सीडी, ६४० बाय ४८० चं चित्र, हाताने काढलेली पार्श्वभूमी. पॅरिसमधल्या एका कॅफेत अ‍ॅकॉर्डियन घेतलेला विदूषक शिरतो, बाहेर पडतो आणि स्फोट होतो. धुरळा बसल्यावर जॉर्ज स्टोबार्ट हा अमेरिकन पर्यटक उठून उभा राहतो आणि खेळ तुमच्या ताब्यात येतो.

त्या क्षणी माउस हातात असलेला माणूस काय करतो? जॉर्जला चालवत नाही. कर्सर फिरवतो. मोडलेल्या खुर्च्यांवरून, छत्रीवरून, गल्लीच्या तोंडावरून. कुठे कर्सरचा आकार बदलला तर तिथे काहीतरी आहे. डावं बटण दाबलं की कृती, उजवं दाबलं की जॉर्जचं त्या वस्तूबद्दलचं मत. जॉर्ज आपल्या जागी शांत उभा असतो आणि तुमची नजर सगळ्या चौकटीत हिंडून आलेली असते. आधी बघायचं, मग ठरवायचं, मग चालायचं. हा क्रम म्हणजेच तो खेळ.

२००२ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर तो आला तेव्हा कर्सर काढून टाकला. डी-पॅडने, म्हणजे चार दिशांच्या बटणाने, जॉर्जला स्वतः चालवायचं, वस्तूच्या जवळ जायचं, मग बटण. म्हणजे नजर पायांना बांधली गेली. गल्लीतून भुयारी गटारात उतरल्यावर विदूषकाचं लाल नाक, कापडाचा तुकडा आणि भिजलेला कागद सापडतो ना, तिथे हा फरक लख्ख जाणवतो. संगणकावर त्या तीन गोष्टी तुम्ही 'शोधता'. हातातल्या यंत्रावर चालता चालता तुम्ही त्यांच्यापाशी 'पोहोचता'. कोडं तेच, उत्तरही तेच, पण डोक्यात चालणारी क्रिया वेगळी.

डीएसवर २००९ साली याच खेळाचा 'डायरेक्टर्स कट' आला आणि स्टायलसमुळे (पडद्यावर टोचायच्या लेखणीमुळे) नजर पुन्हा मोकळी झाली. पडद्यावर स्टायलस सरकवला की हात लावण्याजोग्या जागा उजळतात. मला ते मूळच्या खूप जवळचं वाटलं, जरी पडदा २५६ बाय १९२ एवढाच होता.

म्हणून माझं मत असं की पोर्ट (दुसऱ्या यंत्रासाठी केलेली आवृत्ती) जोखायचं ते पिक्सेल मोजून नव्हे. खेळाडूला चौकटीत मोकळं हिंडू देतं का, हे बघून. इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. रहस्यभेद होत असेल तर वर तसं लिहा, म्हणजे नव्या लोकांचा विरस होणार नाही.

---

गाडीतळ

विषय छान आहे, पण गेम बॉयच्या आवृत्तीवर अन्याय झाला असं वाटतं म्हणून लिहितो.

मी तो खेळ आधी तिथेच खेळलो. चुलतभावाने परदेशातून आणलेलं यंत्र होतं. पहिलं गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, ज्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. गटाराचा प्रसंग संध्याकाळी खेळताच यायचा नाही. खिडकीकडे पाठ करून, पडदा तिरका धरून, आपली सावली चुकवत बसायचं. पण तेवढ्याशा पडद्यावर पॅरिस आहे, आयर्लंड आहे, सीरिया आहे, स्पेन आहे, आणि ते सगळं खिशात मावतं, याचं केवढं अप्रूप होतं! घरात संगणक एक आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक, अशा घरांत वाढलेल्यांना हे कळेल.

आणि एक गोष्ट नजरेआड करू नका. ज्या कार्ट्रिजची कमाल मर्यादा ३२ मेगाबाइट होती, त्यात दोन सीडींचा खेळ बसवायचा होता. आवाज गेले, व्हिडिओंच्या जागी स्थिर चित्रं आली. राहिलं काय, तर कथा, संवाद आणि कोडी. मला तरी तेवढ्यावर शेवटपर्यंत ओढून नेलं त्या खेळाने. जॉर्जला स्वतः चालवल्यामुळे तो 'मी' वाटायचा, हेही खरं. पुढे संगणकावर खेळलो तेव्हा मी कुणालातरी लांबून हुकूम सोडतोय असं वाटत राहिलं.

---

मंद्रसप्तक

गाडीतळ, "आवाज गेले" हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. माझ्यासाठी सगळ्यात मोठं नुकसान तेच.

रॉल्फ सॅक्सनने जॉर्जला दिलेला आवाज ऐकला नाही, तर त्या पात्राचा स्वभाव अर्धाच पोचतो. तो संकटातही ज्या निवांतपणे बोलतो ते लिखित वाक्यात दिसत नाही. जॉर्जची सोबतीण निको, तिचं फ्रेंच वळणाचं इंग्रजी, लॉखमार्नच्या पबमधल्या म्हाताऱ्यांचं आयरिश बोलणं, हे सगळं कानानेच कळतं. कोणता माणूस कुठल्या मातीतला आहे हे तो तोंड उघडताच समजतं, आणि प्रवासाची गोष्ट सांगणाऱ्या खेळात ते फार महत्त्वाचं आहे.

मी मराठी माध्यमात शिकले. ते उच्चार सुरुवातीला निसटायचे, म्हणून खाली वाक्यं चालू ठेवायची आणि कानाने आवाज ऐकायचा. इंग्रजीची किती वळणं मला त्या सवयीने कळली! डीएसवरही आवाज नाहीत, नुसती वाक्यं आणि बोलणाऱ्याचे चेहरे. चेहरे कॉमिक्स चित्रकार डेव्ह गिबन्सने काढलेत आणि ते उत्तम आहेत. तरी चेहरा बघून आयरिश हेल कसा ऐकू येणार?

शिवाय या खेळाचं बॅरिंग्टन फेलुंगने दिलेलं संगीत. कोडं सुटल्यावर हळूच येणारा तो छोटासा सुरांचा तुकडा छोट्या स्पीकरमधून आला की अगदीच पातळ होतो. हेडफोन लावा, फरक पडतो.

---

शिंपलाघर

मंद्रसप्तक यांच्याशी सहमत. त्यांचा मुद्दा आणखी पुढे नेते, कारण आवाज हेच जिथे कोडं असतं असा खेळ आहे : 'मिस्ट'.

सायन या कंपनीच्या रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी १९९३ साली तो मॅकिन्टॉशसाठी काढला. हायपरकार्ड या मॅकच्या सॉफ्टवेअरवर उभा केलेला, एकामागून एक स्थिर चित्रं, क्लिक केलं की पुढचं दृश्य. म्हणजे दिठीच्या कसोटीने डीएसवर तो झकास जमायला हवा, कारण स्टायलस आहे, टोचलं की पुढे. २००७ साली तो डीएसवर आला. माझा अनुभव मात्र उलटा.

हिशेब बघा. मूळ चित्र ५४४ बाय ३३३, डीएसचा एक पडदा २५६ बाय १९२. मूळच्या साधारण सत्तावीस टक्के ठिपके उरतात. साध्या दृश्यात ते चालून जातं. पण बेटावरच्या ग्रंथालयात अ‍ॅट्रस या पात्राच्या हस्तलिखित वह्या आहेत, आणि पुढची वाट त्या वह्यांत लपलेली आहे. एका वहीत पियानोच्या पट्ट्यांचं रेखाटन आहे. त्यातल्या कोणत्या पट्ट्यांवर खुणा आहेत ते बघायचं, बेटावरच्याच अवकाशयानातल्या वाद्यावर ते पाच सूर वाजवून कानात साठवायचे, मग यानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पट्ट्या सरकवत तेच सूर जुळवायचे.

आता हे लहान यंत्रावर करून बघा. आधी रेखाटनावर डोळे ताणायचे. मग सूर जुळवताना घरातला पंखा, रस्त्यावरचा हॉर्न, सगळं मध्ये येतं. संगणकापुढे बसताना आपण खोलीही त्या खेळाला देऊन टाकतो. हातातलं यंत्र मुळात भोवतालच्या गडबडीत वापरायलाच केलेलं असतं. 'मिस्ट'ला शांतता लागते, आणि ती कुठल्याच कार्ट्रिजमध्ये भरून देता येत नाही.

तेव्हा दिठी, कर्सर राखला तरी खेळ हातचा जाऊ शकतो. बघण्याचं स्वातंत्र्य असून उपयोग काय, जर बघण्यासारखं काही वाचताच येत नसेल?

---

अक्षांश

रुमाल टाकून ठेवला होता, आता सविस्तर.

दिठीच्या मूळ सिद्धांताला एक मोठा अपवाद आहे : 'ग्रिम फँडँगो'. १९९८, लुकासआर्ट्स, टिम शेफर. हा अस्सल संगणकी खेळ, आणि त्यात माउस चालतच नाही! कीबोर्डने मॅनी या नायकाला रणगाड्यासारखं वळवायचं, पुढे न्यायचं. कर्सर नाही, वस्तूंवर नावं नाहीत. तरीही त्याला अ‍ॅडव्हेंचर खेळांच्या परंपरेत मानाचं पान मिळतं. २०१५ ला रीमास्टर्ड आवृत्ती आली तेव्हा पॉइंट-अँड-क्लिकची सोय त्यात नव्याने घातली, आणि तीच आवृत्ती प्लेस्टेशन व्हिटा या हातातल्या यंत्रावरही आली. म्हणजे इथे गंगा उलटी वाहिली. मूळ संगणकावर कर्सर नव्हता, तो नंतर आला.

खुद्द 'ब्रोकन सोर्ड'चा तिसरा भाग बघा, २००३ चा. संगणकावरच माउस काढून टाकला, कीबोर्डने जॉर्जला चालवायला लावलं. त्यामुळे "संगणक म्हणजे मोकळी नजर, हॅन्डहेल्ड म्हणजे बांधलेली" अशी सरळ वाटणी होत नाही.

---

दिठी

शिंपलाघर, अक्षांश, दोघांचेही मुद्दे मोलाचे आहेत.

अक्षांश, 'ग्रिम फँडँगो'चं उदाहरण मला माझ्या बाजूचं वाटतं. मॅनी चालत असताना त्याची मान वळते, आठवतं? खोलीत महत्त्वाची वस्तू असली की तो तिकडे बघतो. नावं, बाण, चौकटी काही नाही, नुसती मान. म्हणजे करणाऱ्यांनी ओळखलं होतं की कर्सर काढला तर बघण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावं लागेल. ते त्यांनी पात्राच्या मानेकडे सोपवलं, आणि खोल्याही त्याच हिशेबाने रचल्या. गेम बॉयवरच्या 'ब्रोकन सोर्ड'ची चित्रं मात्र कर्सरसाठी रचलेली होती. भरगच्च, कोपऱ्याकोपऱ्यात तपशील असलेली. त्यांत डी-पॅड आणून सोडला. तिसऱ्या भागात चालवण्याबरोबर पेट्या ढकलायची कोडी आली, कारण चालवण्याला काहीतरी काम द्यावंच लागलं. पद्धत बदलली की कोडीही बदलतात, एवढंच मला म्हणायचं आहे.

हातातल्या यंत्रासाठीच जन्मलेले खेळ बघा. 'एस अ‍ॅटर्नी' २००१ साली जपानमध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर सुरू झाला. मजकूर मोठा, चेहरे मोठे, एका वेळी एकच गोष्ट समोर. २०१९ मध्ये त्याची त्रयी स्टीम या संगणकी खेळांच्या दुकानात आली आणि संगणकाच्या मोठ्या पडद्यावरही ती अजिबात अवघडली नाही. लहानातून मोठ्याकडे जाणं सोपं, मोठ्यातून लहानाकडे येणं कठीण.

शिंपलाघर, वह्यांचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. नजर मोकळी हवी, आणि वाचता येईल असं काही समोरही हवं.

---

कोनाडा

रहस्यभेद आहे, न खेळलेल्यांनी पुढे वाचू नये.

'डायरेक्टर्स कट'चं इथे कौतुक झालं, पण त्याने खेळाचं काय केलं हे कुणी बोललं नाही.

पहिली गोष्ट, सुरुवात. मूळ खेळ स्फोटाने उघडतो. जॉर्जला काही माहीत नाही, तुम्हालाही नाही. डायरेक्टर्स कटमध्ये आधी निको येते. ती कार्शोन नावाच्या बड्या असामीला भेटायला जाते, तिथे खून होतो, आणि हा सगळा भाग खेळून झाल्यावर तुम्ही कॅफेपाशी पोचता. निकोचा भाग वाईट नाही, तिला स्वतःचं घर, भूतकाळ, वडील मिळतात. पण स्फोटाचा धक्का पुरता बोथट होतो, कारण वेषांतर करून मारणारा कुणीतरी आहे हे तुम्हाला आधीच कळलेलं असतं.

दुसरी गोष्ट, बोकड. लॉखमार्नच्या पडक्या किल्ल्यातला तो प्रसिद्ध बोकड. शिडीकडे गेलात की तो जॉर्जला उडवतो. तोवर या खेळाने कुठेही घाई करायला लावलेली नसते, म्हणून आपण बसून विचार करतो, खिशातल्या वस्तू एकेक करून वापरून बघतो. उत्तर असं की धडक बसल्यावर जॉर्ज सावरताच ताबडतोब शेतीच्या जुन्या अवजाराकडे पळायचं, म्हणजे बोकडाची साखळी त्यात अडकते. किती जणांनी तिथे खेळ सोडला असेल! नव्या आवृत्तीत हे कोडं सोपं केलं, शिवाय जॉर्ज मरण्याचे प्रसंग काढले आणि सूचनांची सोय दिली. प्रवासात दहा मिनिटं खेळणाऱ्यासाठी हे योग्यच आहे. पण मग तो धोका, ती हुरहुर गेली. चुकीच्या माणसासमोर उभं राहिल्यावर पोटात येणारा गोळा गेला.

आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते हे : २०१० साली तीच आवृत्ती संगणकावर आली. निन्टेन्डोच्या वी आणि डीएससाठी केलेले बदल जिथून खेळ निघाला तिथेच परतले, आणि नव्या खेळाडूला मूळ म्हणून तेच हाती मिळू लागलं. पोर्ट वेगळं असण्याला माझी हरकत नाही. पोर्टाने मूळची जागा घेण्याला आहे.

---

गाडीतळ

कोनाडा, +१. बोकडापाशी माझाही जीव मेटाकुटीला आला होता. पण त्याच कोड्याबद्दल इतक्या वर्षांनी आपण इथे बोलतोय, हेही बघा.

---

तांबडीवाट

तांत्रिक बाजू थोडी मांडतो, कारण आज 'पोर्ट की मूळ' हा प्रश्न बराचसा स्कमव्हीएम या प्रोग्रामने सोडवला आहे.

स्कमव्हीएम २००१ पासून आहे. ते तुमच्याकडच्या मूळ खेळाच्या फायली वाचतं आणि ज्या यंत्रावर तुम्ही असाल तिथे तोच खेळ चालवतं. म्हणजे कुणी नव्याने कापाकापी करत नाही, मूळच तुमच्या हातात येतं. पण पडद्याचं गणित चुकत नाही. 'मंकी आयलंड'च्या काळातले खेळ ३२० बाय २०० चे. डीएसवर स्कमव्हीएम चालवलं तर आडवे ३२० ठिपके २५६ मध्ये बसवायचे, म्हणजे दर पाच उभ्या ओळींतली एक जाते किंवा शेजारणीत मिसळते. अक्षरांवर ते लगेच दिसतं, 'एम' आणि 'एन'मध्ये गफलत होते. त्यावर तोडगा म्हणून दुसऱ्या पडद्यावर कर्सरच्या आसपासचा भाग मोठा करून दाखवतात, आणि तो खरंच कामाचा आहे.

स्टीम डेक या हातातल्या यंत्राचा पडदा १२८० बाय ८००. म्हणजे ३२० बाय २०० च्या बरोब्बर चौपट, दोन्ही दिशांनी! तसं लावलं की चित्र काठोकाठ बसतं आणि प्रत्येक ठिपका धारदार दिसतो. पण थांबा. ते खेळ ४:३ च्या काचेच्या मॉनिटरवर दिसायचे, आणि तिथे प्रत्येक ठिपका चौरस नसून थोडा उभट असायचा. चौपट करून पसरलं की माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. स्कमव्हीएममध्ये आकारदुरुस्तीचा पर्याय आहे, तो चालू करा. चित्र सुमारे १०६७ बाय ८०० होईल, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. येऊ द्यात. चित्रकाराने ज्या मॉनिटरवर बघितलं त्याच्या जवळ जायचं तर हेच.

दिठीच्या कर्सरबद्दल : डेकच्या उजव्या ट्रॅकपॅडवर अंगठा फिरवला की माउससारखा कर्सर हलतो. हातातल्या यंत्रावर मला मिळालेला मूळच्या सगळ्यात जवळचा अनुभव हाच. मात्र सिएरा या कंपनीचे टाइप करून खेळायचे जुने खेळ तिथेही जमत नाहीत. पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर निवडून वाक्य लिहायचं म्हणजे गोष्टीची लय तुटते. त्यासाठी खरा कीबोर्डच पाहिजे.

---

नवी_पालवी

सगळं वाचून काढलं. मी यातलं काहीच खेळलेले नाही. माझ्याकडे फक्त अँड्रॉइड फोन आणि ऑफिसचा लॅपटॉप आहे. कुठून सुरुवात करू? फोनवर बोटाने खेळलं तर चालेल का?

---

तांबडीवाट

फोनवर चालेल. स्कमव्हीएमच्या सेटिंगमध्ये टचपॅडसारखी पद्धत आहे ती निवडा. बोट थेट वस्तूवर ठेवलं की बोटाखाली वस्तूच झाकली जाते. टचपॅड पद्धतीत बोट कुठेही सरकवा, कर्सर वेगळा दिसत राहतो. फोन आडवा धरा.

---

दिठी

नवी_पालवी, स्वागत. सुरुवात 'बिनीथ अ स्टील स्काय'पासून करा. तोही रेव्होल्यूशनचाच, १९९४ चा, आणि चित्रांत डेव्ह गिबन्सचा हात आहे. २००३ मध्ये तो अधिकृतपणे मोफत केला गेला, त्यामुळे स्कमव्हीएमच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. सीडीची आवृत्ती घ्या, तिच्यात आवाज आहेत. मंद्रसप्तक खूश होतील.

तो आवडला तर 'ब्रोकन सोर्ड'कडे वळा. २०२४ मध्ये 'रीफोर्ज्ड' आवृत्ती आली आहे. ती १९९६ च्या मूळ खेळावर बेतलेली आहे, सुरुवात स्फोटानेच होते, आणि एका बटणाने जुनी चित्रं परत आणून बघता येतात. सूचना देणारी आणि न देणारी अशा दोन पद्धती आहेत. कोनाडांचं ऐका, न देणारी निवडा. आणि बोकडापाशी अडकलात तर वरचा रहस्यभेद उघडण्याआधी इथे लिहा, उत्तर न सांगता दिशा दाखवू.